पहिल्या शर्यतीसाठी होंडा सीबी ३५० उभी करताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचा दोन लेथचा कारखाना होता आणि ऑइल इंजिनाचे सुटे भाग हाताळतच मी मोठा झालो. नोकरीनिमित्त अटलांटाला आल्यावर अडीच तासांच्या अंतरावर असलेल्या अलाबामातील बार्बर मोटरस्पोर्ट्स पार्क येथे जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती होतात हे कळले, आणि त्या पाहून परतताना एक गाडी स्वतः बांधायची हे मनाशी ठरवले. गेल्या काही वर्षांत इथल्या अनेक मराठी तरुणांनी मला विचारले की सुरुवात कुठून करावी. माझे उत्तर दर वेळी एकच असते: इंजिनाची ताकद सर्वांत शेवटी वाढवा, त्याआधी गाडी थांबली पाहिजे, तिने तेल गाळता कामा नये आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस ती चालली पाहिजे.

गाडी निवडताना भावनेपेक्षा सुट्या भागांचा विचार करावा. मी १९७१ची होंडा सीबी ३५० घेतली. ही गाडी १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेत लाखोंनी विकली गेल्यामुळे तिचे भाग आजही मिळतात, आणि तिच्यावर शर्यती खेळलेली माणसे इतकी आहेत की बहुतेक प्रत्येक अडचणीवरचा उपाय कोणाला तरी ठाऊक असतो. नावात ३५० असले तरी इंजिन प्रत्यक्षात ३२५ सीसीचे आहे: ६४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ५०.६ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन सिलिंडर आणि मिनिटाला १०,५०० फेऱ्यांना ३६ अश्वशक्ती. मी ती ९०० डॉलरला घेतली आणि ट्रॅकवर उतरेपर्यंत तिच्यावर आणखी सुमारे ६,००० डॉलर खर्च झाले. स्वस्त गाडी मिळाली म्हणजे स्वस्तात काम झाले, असा समज कोणीही करून घेऊ नये.

पाना हाती घेण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका पूर्ण वाचावी. अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन या संस्थेच्या शर्यतींत गाडी कोणत्या वर्गात बसेल हे तिचे वर्ष, इंजिनाचा आकार आणि तुम्ही केलेले बदल यांवर ठरते; एखादा हौसेने बसवलेला नवा भाग तुम्हाला अधिक वेगवान गाड्यांच्या वर्गात ढकलू शकतो. परवान्यासाठी नवशिक्यांची प्रशिक्षण शाळाही पूर्ण करावी लागते, आणि ती केवळ औपचारिकता समजू नये. ट्रॅकवर नेमके कुठे पाहायचे हे मी तिथेच शिकलो.

आता इंजिन. सीबी ३५०चा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बॉलबेअरिंगवर फिरत नाही. दोन्ही टोकांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या धारकांत तो थेट फिरतो आणि दोन धातूंमध्ये असतो तो केवळ तेलाचा पातळ थर. त्यामुळे जुनी गाडी उघडल्यावर सर्वप्रथम ते धारक पाहावेत. नख फिरवल्यावर ओरखडे लागत असतील तर ते बदलावेत, तेलाच्या वाटा मोकळ्या कराव्यात आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) टोकाला असलेले केंद्रोत्सारी, म्हणजे फिरताना गाळ बाहेर फेकून धरणारे, तेलगाळणे उघडून त्यातला गाळ काढावा. माझ्या गाडीच्या गाळण्यात काळा, वाळलेल्या शाईसारखा थर इतका घट्ट बसला होता की तो लाकडी पट्टीने खरवडावा लागला.

माझी सर्वांत महागडी चूक सिलिंडरची होती. ६५ मिलिमीटरचे घडीव पिस्टन घेतले, त्यामुळे इंजिन साधारण ३३६ सीसीचे होणार होते, आणि सिलिंडर बोअर करण्यासाठी, म्हणजे आतून मोठे करण्यासाठी, एका कारखान्यात दिले. काम चकचकीत होऊन आले. होनिंगच्या (आतून घासण्याच्या) तिरक्या रेषा सुंदर दिसत होत्या, म्हणून मी माप न घेताच इंजिन बांधले. पहिल्याच सरावात चौथ्या फेरीला, सरळ रस्त्याच्या शेवटी, उजव्या पिस्टनने सिलिंडर धरला, म्हणजे तो आत अडकला, आणि मागचे चाक घसटू लागले. क्लच लगेच दाबल्यामुळे मी पडलो नाही. उघडून मोजले तेव्हा पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांमध्ये जितके अंतर असावे असे पिस्टनसोबतच्या कागदावर दिले होते, त्याच्या जवळजवळ निम्मेच त्या सिलिंडरात होते. घडीव पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, हे मला ठाऊक होते. ज्याच्या घरात मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचे साधन) देवघरातल्या वस्तूसारखा जपला जाई, त्याने तो पेटीतून काढला नाही याचे मला आजही वाईट वाटते. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापे घ्यावीत. पिस्टन त्याच्या पिनेला काटकोनात आणि उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर मोजावा, आणि दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत ठेवून मगच मोजाव्यात.

ब्रेकसाठी मात्र मी पहिल्यापासून हात आखडता घेतला नाही. पुढचा ड्रम लेथवर गोल करून घेतला, ब्रेकच्या शूंवरचे नवे लायनर (घर्षणाचे अस्तर) ड्रमच्या व्यासाला जुळवून तासून घेतले आणि दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील अशी जोडदांडी बसवली. कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग), चाकांचे बेअरिंग आणि स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हाताचे) बुश नवे घालावेत. पन्नास वर्षांच्या गाडीत हे तीन भाग झिजलेले असतात आणि वळणात गाडी डुलू लागते ती बहुधा यांच्यामुळेच. टायर कितीही नवे दिसले तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: ३६२४ याचा अर्थ २०२४च्या छत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

सेफ्टी वायरचे, म्हणजे बोल्ट सुटू नयेत म्हणून तारेने बांधण्याचे, काम नवशिक्यांना किरकोळ वाटते, पण तांत्रिक तपासणीत गाडी परत पाठवली जाते ती बहुतेक वेळा याच कारणाने. तेलाचा ड्रेन बोल्ट आणि तेल भरायचे झाकण यांना छिद्र पाडून ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार पीळ देऊन बांधायची असते. मी दीड मिलिमीटरचे ड्रिल वापरतो. बोल्टच्या षटकोनी डोक्याचा कोपरा आधी कानसेने थोडा सपाट करून तिथे पंचचा ठसा घेतला आणि कापायचे तेल सोडत हलक्या हाताने ड्रिल चालवले की ते घसरत नाही आणि मोडतही नाही. तार अशा बाजूने ओढावी की बोल्ट ढिला होऊ पाहताच ती ताणली जाईल. उलट बाजूने बांधलेली तार दिसायला तशीच दिसते, पण काहीच धरत नाही. दोन्ही पिस्टन एकमेकांच्या विरुद्ध हलणाऱ्या या इंजिनाला वरच्या फेऱ्यांत चांगलीच थरथर असते, म्हणून इतर बोल्टही प्रत्येक सत्रानंतर तपासावेत.

मूळ कार्बुरेटरमधील रबरी पडदे एव्हाना कडक झालेले किंवा फाटलेले असतात. मी ३० मिलिमीटरचे मिकुनी कंपनीचे कार्बुरेटर बसवले आणि मेन जेट (पेट्रोलचे मुख्य छिद्र) मुद्दाम मोठ्यापासून सुरू केला, कारण कमी पेट्रोलाने पिस्टन वितळतो, जास्तीने केवळ वेग घटतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन, किल स्विच (इंजिन बंद करणारे बटण) आणि क्लच एकदमच दाबून, गाडी बाजूला घेऊन स्पार्क प्लगचा रंग पाहायचा. मग जेटच्या आकारात एका वेळी एकच पायरी खाली यायचे. गिअरिंगसाठी वेगवेगळ्या दातांची मागची चक्रे बरोबर न्यावीत. समोरचा एक दात मागच्या साधारण सव्वादोन दातांइतका फरक करतो, त्यामुळे बारीक जुळवणी मागूनच होते.

दुरुस्तीनंतर मी ऑक्टोबरमध्ये पुन्हा बार्बरला गेलो. सुमारे ३.८ किलोमीटरचा, चढउतारांचा तो ट्रॅक आहे. दोन्ही दिवसांच्या शर्यती मी पूर्ण केल्या, शेवटून तिसरा आणि शेवटून पाचवा आलो. रविवारी संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी इंजिनाखालून पांढरा कागद फिरवला, तर त्यावर तेलाचा एकही थेंब नव्हता. तो कागद मी मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवला आहे.