जुनी सदनिका घेताना आणि विकताना : विसार पावतीपासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतली जुनी, म्हणजे आधी कोणाच्या तरी मालकीत राहिलेली सदनिका घेताना होणारे वाद जवळून पाहिले, तर बहुतेकांचे मूळ एकच आढळते: पैसा पुढे गेला आणि कागद मागे राहिला. पुढे दिलेला क्रम हे अंतर पडू नये यासाठी आहे आणि तो खरेदीदाराइतकाच विक्रेत्याच्याही उपयोगाचा आहे, कारण अर्ध्यात अडकलेला व्यवहार दोघांनाही सारखाच जड जातो.

सर्वप्रथम साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक समजून घ्यावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि साठेखत म्हणजे ठरलेल्या अटींवर पुढे विक्री करण्याचा करार असल्यामुळे केवळ त्याने मालकी बदलत नाही. मालकी खरेदीखताने बदलते. ‘सध्या कुलमुखत्यारपत्र करून देतो, खरेदीखताचे नंतर पाहू’ असा प्रस्ताव आल्यास तेथेच थांबावे, कारण कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या अशा ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

किंमत ठरण्यापूर्वी कागदपत्रांची साखळी पाहावी. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराशी केलेला करार, त्यानंतरच्या प्रत्येक हस्तांतरणाचा दस्त, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सारांश, बोलीभाषेत इंडेक्स टू) आणि नोंदणीची पावती असा एकही दुवा न तुटता हा प्रवास आजच्या विक्रेत्यापर्यंत आला पाहिजे. झेरॉक्स पाहून समाधान मानू नये. मूळ दस्त हातात घेऊन पाहावेत, कारण ते विक्रेत्याकडे नसण्याचा सर्वांत साधा अर्थ ते बँकेत आहेत असा असतो. ते खरोखरच हरवले असतील, तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत ही तयारी विक्रेत्याने आधीच करून ठेवावी.

या साखळीत सर्वाधिक घोळ मूळ मालकाच्या मृत्यूनंतर होतो. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशन असलेल्या मुलाच्या नावावर शेअर सर्टिफिकेट, म्हणजे संस्थेतल्या भागांचा दाखला, झाले म्हणजे घर त्याचे झाले, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ती संस्थेपुरती सदनिका सांभाळते. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा ते नसल्यास वारसाहक्काप्रमाणे ठरते. त्यामुळे सर्व वारसांनी विक्री करणाऱ्याच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेले असावे, नाहीतर सर्वांनी स्वतः खरेदीखतावर सही करावी. परदेशी असलेल्या बहिणीची तोंडी संमती हा कागद नव्हे.

त्यानंतर वकिलाकडून शोध अहवाल, म्हणजे सदनिकेवरचे जुने व्यवहार व बोजे नोंदणीच्या दप्तरात तपासून दिलेला अहवाल, घ्यावा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय असली, तरी जुन्या नोंदींसाठी कार्यालयातली पुस्तके पाहावी लागतात. प्रथा तीस वर्षांच्या शोधाची आहे आणि तिला कारण आहे: मुदत कायद्यानुसार गहाण मालमत्ता सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे. मूळ दस्त बँकेत ठेवून केलेले गहाण नोंदणीच्या शोधात सापडेलच असे नाही, म्हणून सरसाई (CERSAI) या बँकांच्या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतही सदनिकेचा शोध घ्यावा. ही सोय सर्वांसाठी खुली आहे. शिवाय दोन वृत्तपत्रांत जाहीर नोटीस देऊन चौदा-पंधरा दिवस हरकतींची वाट पाहावी. नोटीस दिल्याने सगळे दावे संपत नाहीत, पण खरेदीदाराने पुरेशी चौकशी केली होती याचा तो चांगला पुरावा ठरतो.

इमारतीबाबत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी संस्थेला देणारा दस्त) संस्थेच्या नावे झाले आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. अभिहस्तांतरण झालेले नसेल, तर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून जुन्या जमीनमालकाचेच नाव असते आणि पुनर्विकासाच्या वेळी तोच अडसर होतो. सौदा मोडण्याइतके हे कारण असेलच असे नाही, पण भाव ठरवताना त्याचा विचार जरूर करावा.

विसार पावतीची, म्हणजे सौदा ठरताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या पावतीची, पाळी आता येते. ‘आज टोकन दिले नाही तर उद्या दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ हे वाक्य प्रत्येक मध्यस्थाला पाठ असते. त्याच्या दडपणाखाली मोठी रक्कम देऊ नये. पावतीत सदनिकेचे वर्णन, एकूण किंमत, साठेखत करण्याची मुदत आणि शोधात दोष निघाल्यास अथवा बँकेने कर्ज नाकारल्यास विसार किती दिवसांत परत मिळेल, हे लिहून घ्यावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारल्यास विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो, म्हणून विसारही बँकेमार्फतच द्यावा.

साठेखताचा मसुदा दोन्ही बाजूंनी सावकाश वाचावा. हप्त्यांच्या तारखा, ताबा देण्याचा दिवस, तोपर्यंतचा देखभाल खर्च व मिळकत कर कोणाकडे, मागे राहणारे सामान कोणते आणि विलंब झाल्यास परिणाम काय, हे त्यात असावे. महाराष्ट्रात ताबा देण्याचे कलम असलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क आकारले जाते. ते येथे पूर्ण भरल्यास नंतरच्या खरेदीखतावर नाममात्र शुल्क लागते. शुल्काची आकारणी करारातली किंमत आणि वार्षिक दर तक्त्यानुसारचे म्हणजे रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. सध्या मुंबईत हा दर ६ टक्के आणि पुणे शहरात ७ टक्के आहे, केवळ महिलांच्या नावे निवासी सदनिका घेतल्यास १ टक्का सवलत मिळते, आणि नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी ३०,००० रुपयांवर जात नाही. किंमत कमी दाखवून शुल्क वाचवण्याचा सल्ला ऐकू नये. कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड आहे, शिवाय उद्या व्यवहार मोडला तर न दाखवलेली रक्कम मागण्यास कागदोपत्री आधारच उरत नाही.

मुद्रांक शुल्क सही करण्यापूर्वी किंवा त्याच दिवशी, फार तर लगतच्या कामकाजाच्या दिवशी भरलेले असावे आणि दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीस सादर करावा. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही पक्षांनी मूळ ओळखपत्रे व पॅन कार्ड घेऊन, ओळख पटवणाऱ्या दोन व्यक्तींसह जावे. तेथे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. इंडेक्स टूमध्ये छापल्या जाणाऱ्या नावांची, क्षेत्रफळाची व सदनिका क्रमांकाची माहिती सादर करण्यापूर्वी पुन्हा वाचावी. त्यातली एका अक्षराची चूक दुरुस्त करायला चूक दुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यासाठी विक्रेत्याला पुन्हा बोलवावे लागते.

सदनिकेवर विक्रेत्याचे कर्ज असेल, तर बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ दस्तांची यादी मागवावी. खरेदीदाराच्या हप्त्यातील तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्जखात्यात जमा करावी आणि मूळ दस्त व बोजा उतरल्याचे पत्र मिळाल्यावरच पुढचा हप्ता द्यावा. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने प्रत्येक हप्त्यातून १ टक्का प्राप्तिकर कापून, तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत ऑनलाइन भरावा आणि दाखला विक्रेत्याला द्यावा. विक्रेत्याचा पॅन निष्क्रिय असेल तर हाच दर २० टक्क्यांवर जातो, तेव्हा ती खात्री आधीच करावी. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे व कपात बरीच मोठी असते. अशा वेळी करसल्लागाराची फी वाचवू नये.

विक्रेत्यासाठीही एक गणित आहे. चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीत असलेल्या घरावरचा नफा दीर्घकालीन ठरतो, आणि विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरे घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, त्यावर करसवलत मिळते. ही मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे खरेदीखताची तारीख ठरवतानाच तिचा विचार करावा.

शेवटचा हप्ता, खरेदीखताची नोंदणी आणि किल्ल्यांसह ताबापत्र या तीन गोष्टी शक्यतो एकाच दिवशी व्हाव्यात. संस्थेचे ना-हरकत पत्र आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांनुसार) हस्तांतरणाची पूर्वअट नसले, तरी कर्ज देणारी बँक ते मागते, म्हणून विक्रेत्याने हस्तांतरणाची सूचना संस्थेला वेळेवर द्यावी. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरणासाठी संस्था घेते ती रक्कम, महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ‘इमारत निधी’च्या नावाखाली अधिक मागणी झाल्यास ती लेखी मागावी, बहुधा ती तेथेच विरते. त्यानंतर मिळकत कर व वीजबिल यांवरची नावे बदलून घ्यावीत आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागील बाजूस आपल्या नावाची नोंद, सचिव व अध्यक्षांच्या सह्या आणि संस्थेचा शिक्का आला आहे, तसेच त्यावरचे नाव खरेदीखतातल्या नावाशी अक्षरशः जुळते, हे स्वतः पाहूनच ते फाइलीत लावावे.