नाशिकमध्ये एसी घेताय? आधी रात्री दहाला भिंतीला हात लावून बघा, आणि या चुका टाळा

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारून झाल्या की नाशिकमध्ये एसीच्या चौकशा सुरू होतात. "दीड टन फाइव्ह स्टार कितीला पडला?" हा प्रश्न लिफ्टमध्ये, ऑफिसात, भाजीच्या गाडीपाशी सगळीकडे ऐकू येतो. किंमत विचारण्यात गैर काही नाही, पण शेजाऱ्याने घेतला तोच आपण घ्यायचा, हे चुकतं. दोन खोल्या एका मापाच्या असल्या तरी त्यांच्यावर पडणारं ऊन सारखं नसतं.

आमचं घर पाथर्डी फाट्याकडे, शेवटच्या मजल्यावर. बेडरूम १० बाय १२, एक भिंत पश्चिमेला. दुकानात खोलीचं माप सांगितलं, त्यांनी एक टनाचा एसी सुचवला, आम्ही घेतला. एप्रिल उजाडला आणि रात्री साडेअकरापर्यंत खोली गार होईना. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, एसीत दोष नव्हता. मग एका रात्री दहा वाजता मी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला. शेवटची पोळी काढून अर्धा तास झालेल्या तव्यासारखी ऊब होती. स्टुलावर चढून स्लॅबला हात लावला, तो त्याहून तापलेला. गॅलरीत छान वारं सुटलं होतं आणि आत भिंत न् स्लॅब दिवसभर साठवलेलं ऊन खोलीत सोडत होते. एसी रात्रभर त्यांच्याशीच झुंजत होता.

चूक पहिली: फक्त फूटपट्टीने टन ठरवणं

टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ही क्षमता असते, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). ढोबळ हिशेब असा की १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, साधारण १८० पर्यंत दीड टन आणि त्यापुढे दोन टन. हा हिशेब मधल्या मजल्यावरच्या, सावलीतल्या खोलीचा आहे. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, मोठी उघडी काच किंवा हॉलला जोडलेलं स्वयंपाकघर असेल, तर एक पायरी वर जावं लागतं.

किंवा उष्णताच कमी करावी लागते. हा मार्ग स्वस्त आहे आणि मला तो जास्त पटतो. आम्ही एसी बदलला नाही. सोसायटीची परवानगी घेऊन आमच्या खोलीवरच्या गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारला आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवं शेडनेट लावलं. आपल्या जिल्ह्यात शेडनेट शोधत फिरावं लागत नाही, शेतीच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं. पडदा आतून लावला तर काच तापून ऊन आत आलेलंच असतं, म्हणून सावली बाहेरूनच हवी. पुढच्या उन्हाळ्यात तोच एक टन रात्री नऊ वाजता पुरायला लागला.

उलटी चूकही होते. "मोठाच घेऊ, पटकन गार होईल" म्हणून लहान खोलीत दोन टन बसवतात. साधा, म्हणजे इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) नसलेला एसी असेल तर खोली पाच मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर बंद पडतो, परत चालू होतो. हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. कोरड्या एप्रिलमध्ये हे जाणवत नाही, पण जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यावर खोली गार आणि अंग मात्र चिकट, अशी गत होते.

चूक दुसरी: मुंबईच्या हिशेबाने स्टार मोजणं

एसीवरच्या बीईईच्या (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या सरकारी संस्थेच्या) लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. ते १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. मुंबईत बारमाही घाम असतो, तिथे एवढे तास सहज भरतात. नाशिकमध्ये भरतात का, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरतं मोजावं. इथे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो, पण पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण ८० दिवस, रोज सात तास एसी लावला तर ५६० तास होतात.

समजा थ्री स्टारच्या लेबलवर १००० युनिट आहेत आणि फाइव्ह स्टारच्या लेबलवर ७५०. फरक २५० युनिटचा, पण तो १६०० तासांचा. आपल्या ५६० तासांत तो ८७-८८ युनिट उरतो. युनिट १२ रुपये धरला तर वर्षाला साधारण हजार-साडेदहाशे रुपये वाचतात. दोन एसींच्या किमतीत आठ हजारांचं अंतर असेल तर ते भरून यायला सात-आठ वर्षं लागतील. घरी बसून काम करणारं कुणी असेल, आजारी वडीलधारं माणूस दिवसभर एसीत झोपून असेल आणि १६०० तास खरोखर भरत असतील, तर तीच रक्कम तीन वर्षांच्या आत सुटते. त्या घराने डोळे झाकून फाइव्ह स्टार घ्यावा. फक्त रात्री झोपायच्या वेळी लावणाऱ्यांना थ्री स्टार इन्व्हर्टर पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

युनिटचा दर धरताना महावितरणचे टप्पे लक्षात ठेवा: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. पंखे, फ्रिज, गिझर यांचे युनिट आधीच होत असतात, म्हणून एसीचे युनिट वरच्या महाग टप्प्यात जाऊन पडतात. बिलावरचा सरासरी दर लावला तर हिशेब चुकतो.

लेबलवरचा कालावधीही वाचा. स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा आदल्या दिवशीचा फाइव्ह स्टार फोर स्टारवर आला. सवलतीत मिळणारा "फाइव्ह स्टार" जुन्या निकषांचा तर नाही ना, हे बघा. स्टारपेक्षा आयएसईईआर हा आकडा बघणं अधिक भरवशाचं. तो जितका मोठा, तितकी वीज कमी.

जाता जाता एक सांगते. खालच्या मजल्यावर, समोरासमोर खिडक्या असलेल्या घरात राहत असाल तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला कूलर पुरतो. बंद खोलीत मात्र तो दमटपणा वाढवतो आणि पावसाळा लागला की निरुपयोगी ठरतो.

चूक तिसरी: फिटिंग दुसऱ्यावर सोडून देणं

पैसे मोजेपर्यंत आपण दहा दुकानं पालथी घालतो आणि फिटिंगवाला आला की चहा देऊन टीव्हीपुढे बसतो. एसीचं आयुष्य त्या दीड-दोन तासांत ठरतं. तिथेच उभं राहा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हॅक्यूम पंप. नव्या तांब्याच्या पाइपात हवा आणि ओलावा असतो. गॅस सोडण्याआधी तो पंपाने ओढून काढायचा असतो आणि पंप १५-२० मिनिटं तरी घरघरत राहायला हवा. घाईतला माणूस पंप आणतच नाही. आउटडोअरचा (एसीच्या बाहेर बसणाऱ्या भागाचा) व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, "फुस्स" असा आवाज होतो, थोडासा गॅस सोडून हवा ढकलल्यासारखं करतो. ओलावा आत राहतो, तेलात मिसळतो आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसरवर बेततो. शिवाय आता बहुतेक एसींत आर-३२ गॅस असतो, तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. त्याच्याशी असे शॉर्टकट नकोतच. वेळ नक्की करतानाच विचारा, "पंप आणणार ना?"

दुसरी गोष्ट आउटडोअरची जागा. इंदिरानगरला माझ्या मावसबहिणीकडे एसी रोज दुपारी तीनच्या सुमारास बंद पडायचा आणि संध्याकाळी आपोआप चालायचा. दोनदा सर्व्हिसिंग झालं. शेवटी कळलं की आउटडोअर ड्राय बाल्कनीत होतं आणि कबुतरं येतात म्हणून तिने काचेची स्लायडिंग बंद ठेवली होती. बाहेर फेकलेली गरम हवा तेच यंत्र पुन्हा आत ओढत होतं. काच उघडून जाळी लावली, तेव्हापासून तक्रार नाही. अरुंद डक्टमध्ये एकावर एक चार आउटडोअर टांगलेल्या इमारतींतही हेच होतं.

पाइप किती मीटर फुकट आणि पुढे कितीने, हे आधीच लिहून घ्या. वायरिंगसाठी मीटरकडून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवं. जुन्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक्स्टेंशन लावून एसी चालवू नका. दुसरा एसी घेत असाल तर वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे, तो बघून घ्या.

घेतल्यावर बिघडलं तर

इनडोअरमधून पाणी ठिबकतंय: बहुतेक वेळा ड्रेनचा पाइप तुंबलेला असतो किंवा त्याला उतार नसतो. मध्ये कुठे तो उंटाच्या पाठीसारखा वर गेलाय का, ते आधी बघा.

पाइपवर किंवा आतल्या जाळीवर बर्फ धरलाय: एसी बंद करून बर्फ वितळू द्या आणि फिल्टर धुवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या बाजूला किंवा बांधकामाशेजारी राहत असाल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवावाच लागतो. त्यानंतरही बर्फ आला तर गॅस कमी असण्याची शक्यता आहे.

लवकर गार होत नाही म्हणून १८ वर लावताय: १८ केल्याने गारवा लवकर येत नाही, एसी फक्त जास्त वेळ पळत राहतो. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ वर येतात. २५-२६ आणि सोबत पंखा हळू, एवढ्यात नाशिकची रात्र छान निघते.

"दरवर्षी गॅस भरावाच लागतो," असं कुणी सांगितलं तर मानू नका. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे. आधी जोडांच्या नटांवर साबणाचं पाणी लावायला सांगा. जिथे बुडबुडे येतील तो जोड तुमच्यासमोर दुरुस्त होऊ द्या, पुन्हा व्हॅक्यूम होऊ द्या आणि मगच गॅसचे पैसे द्या.