दहावीच्या मुलांचा ताई-दादा होताना: जूनपासून निकालापर्यंत

वस्तीतल्या दहावीच्या मुलांना वर्षभर सोबत करायची असेल, तर पहिला हिशेब स्वतःच्या वेळेचा मांडा. आठवड्यातून एकदा दीड तास, वार आणि जागा ठरलेली, आणि जूनपासून पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत. एवढं जमणार असेल तरच हो म्हणा. उत्साहाने येऊन दिवाळीनंतर दिसेनासे झालेले ताई-दादा या मुलांनी पाहिलेले असतात. कुणावर विसंबायचं नाही, एवढंच ती त्यातून शिकतात, आणि मागून येणाऱ्याचं काम दुप्पट अवघड होतं. नोकरी करणाऱ्यांनी मार्चचा विचार आधीच करावा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि ऑफिसातली वर्षअखेरही तेव्हाच येते. एका माणसाने तीनपेक्षा जास्त मुलं घेऊ नयेत.

एकट्याने सुरुवात करू नका. शाळा, अभ्यासिका किंवा वस्तीत आधीपासून काम करणारी संस्था गाठा. त्यांनी पोलीस पडताळणी मागितली तर वाईट वाटून घेऊ नका. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थेने ती मागितलीच पाहिजे. पालकांना घरी जाऊन भेटा आणि त्यांची लेखी संमती घ्या. बसायला समाजमंदिर, वाचनालय किंवा शाळेचा वर्ग बरा. दार उघडं हवं आणि दुसरं कुणीतरी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. वेळ ठरवण्याआधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. संध्याकाळी सहाला पाणी येत असेल, तर सहाच्या बैठकीला मुली येणार नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत.

पहिल्या भेटीत 'मोठेपणी काय व्हायचंय?' असं विचारू नका. समोरच्याला आवडेल ते उत्तर मुलं देतात: इंजिनियर, पोलीस, कलेक्टर. त्यापेक्षा 'काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?' असं विचारा आणि मधे न बोलता ऐका. धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं, मोबाईल कुणाचा आणि किती वाजता हाती येतो, अभ्यासाला दिवा आणि जागा कधी मिळते, सगळं त्यातून कळतं. वेळापत्रक या उत्तरावरून करायचं असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत पाया तपासा, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. सातवीच्या मराठीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला द्या आणि एक भागाकार द्या: ८२४ भागिले ८. बरीच मुलं १३ लिहितात. आठ एके आठ झालं, पुढच्या २ मध्ये ८ जात नाहीत म्हणून त्यांनी थेट ४ उतरवून घेतला, भागाकारात शून्य द्यायचं राहिलं. 'चुकलं' म्हणू नका. '१३ गुणिले ८ करून बघ' म्हणा. १०४ आले की मूल स्वतःच थबकतं. मग ८ शेकडे, २ दशक, ४ एकक अशी मांडणी करून शून्य कुठून येतं ते दाखवा. उत्तर १०३. हा खड्डा पाचवीतला असतो, आणि तो न बुजवता बीजगणिताची गाइडं पाठ करून घेणं म्हणजे मुलाचा वेळ वाया घालवणं. दिवाळीपर्यंत दर बैठकीतला अर्धा तास अशा मागच्या इयत्तांसाठी राखून ठेवा. नंतरचा सगळा वेळ बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून.

आता कागदपत्रं. हुशार मुलंसुद्धा इथे अडकतात, आणि ताई-दादांचा खरा उपयोग इथे होतो. ऑक्टोबरमध्ये आधार, बँकेचं पासबुक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (प्रवेशाच्या मूळ नोंदवहीतली) नोंद शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरनक्षर जुळवा. रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर शिष्यवृत्तीचे पैसे येत नाहीत, तेही आत्ताच करून टाका.

जातीचा दाखला नसेल तर दिवाळीच्या आधी घरी विषय काढा. कारण पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा किंवा कोतवालबुकाची (गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल बहुधा गावाकडेच मिळते, आणि कुटुंब दिवाळीला गावी जातं. ती फेरी चुकली तर गोष्ट थेट मे महिन्यावर जाते. उत्पन्नाचा दाखला मात्र एवढ्यात काढू नका. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. तो एप्रिलमध्ये सेतू केंद्रातून काढावा.

वर्षभरात एखादं मूल म्हणेल, 'दादा, एक सांगते, पण कुणाला सांगू नका.' हे वचन देऊ नका. 'तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला सांगूनच सांगेन' असं म्हणा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर खोदून प्रश्न विचारू नका. तिचेच शब्द तारखेसह लिहून ठेवा आणि संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. घरच्यांशी बोलून मिटवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन चोवीस तास मोफत चालते. मुलीचं लग्न ठरवत आहेत असं कानावर आलं तरी हाच नंबर.

पैसे देऊ नका, उसने तर मुळीच नाही. शंभर रुपये परत करता आले नाहीत म्हणून मूल तुम्हाला टाळायला लागतं आणि येणं बंद करतं. फीची अडचण असेल तर संस्थेकडून सरळ शाळेत भरा. मेसेज पालकांनाही दिसतील अशा ग्रुपवरच करा, रात्री नऊनंतर नको.

निकालाच्या दिवशी मोकळे राहा. नापास झालेल्या मुलाकडे आधी जा, पास झालेल्यांचे पेढे संध्याकाळी. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षाही लवकरच असते, हे आई-वडिलांच्या समोर सांगा. बऱ्याच घरांत ते माहीतच नसतं. आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) किंवा इंजिनियरिंगचा डिप्लोमा म्हणजे कमीपणा नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचं आयटीआय करून पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. एखादं जवळचं आयटीआय मुलाला मे महिन्याआधीच आतून दाखवून आणा.

प्रवेश पक्का झाला की शेवटच्या बैठकीत कागदांची फाईल मुलाच्या हाती द्या: मूळ प्रती प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि स्कॅन घरातल्या मोबाईलवर. तुमच्याकडे एकही मूळ कागद ठेवू नका.