क्लिप-ऑन बसवल्यावर हँडल वळवताच रेस वाढणे : माझा अनुभव

जुन्या ३५० सीसी बुलेटचे उंच हँडल काढून, तिला कॅफे रेसरचे (पुढे वाकून चालवायच्या, रेसिंग गाडीसारख्या बाइकचे) रूप देण्यासाठी क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कच्या नळ्यांना आवळून बसणारी बुटकी हँडल) बसवल्यापासून, हँडल डावीकडे पूर्ण वळवताच इंजिनाची रेस आपोआप वाढू लागली. लालबागच्या गर्दीत यू-टर्न घेताना गाडी पुढे झेपावली, तेव्हा मी खरोखर घाबरलो. आयडलचा (मूठ सोडल्यावरची रेस ठरवणारा) स्क्रू कमी केला, कार्ब्युरेटर साफ केला, कुर्ल्याहून नवी रेसची (थ्रॉटल) केबल आणून त्याच मार्गाने टाकली. फरक पडला नाही.

टाकी उतरवल्यावर कारण दिसले. उंच हँडलच्या मापाची लांब केबल मी दुमडून फ्रेमला प्लास्टिकच्या टायने आवळली होती आणि हँडल वळताच तिचे बाहेरचे आवरण ताणले जात होते. आवळलेल्या जागी घासल्याचा चकचकीत पट्टा उमटला होता.

इंजिन बंद ठेवून आधी सगळे टाय कापले. मग केबल हेडस्टॉकच्या (फ्रेमचा पुढचा भाग, ज्यात हँडलचा दांडा फिरतो) बाजूने मोठ्या वळणाने नेली, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ताण येत नसल्याची खात्री केली आणि त्यानंतरच सैल टाय लावले. ॲडजस्टरने मुठीला २ ते ३ मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवली. टाकी बसवून, गाडी डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल पुन्हा दोन्हीकडे वळवले. रेस हलली नाही. ही शेवटची चाचणी टाकी बसवल्यावरच करावी, कारण टाकीखालीही केबल दबू शकते.