घराशेजारची ओसाड पट्टी कोणाची?

गोव्यात आधी आपल्या जागेचा सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन (त्या नंबराचा पोटविभाग) शोधा. मग भूमी-अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर सर्व्हे प्लॅन पाहा. पट्टीला स्वतंत्र नंबर असेल तर तिचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढा. म्हापसा, मडगावसारख्या शहरी भागात सिटी सर्व्हे असतो. तिथे एक-चौदाऐवजी फॉर्म ‘डी’ लागतो.

नंबरच दिसत नसेल तर घाई नको. ती वाट, ओहोळ किंवा आपल्याच प्लॉटचा कुंपणाबाहेर राहिलेला भाग असू शकते. जुनी गडग्याची (दगडी कुंपणाची) रेघ आणि सर्व्हेची रेघ अनेकदा जुळत नाहीत. म्हणून परवानाधारक सर्व्हेअरकडून, किंवा रीतसर अर्ज करून सरकारी मोजणी करून घ्या.

उताऱ्यावर भोगवटादाराचे नाव वाचून थांबू नका; कूळ आणि इतर हक्कांचे रकानेही वाचा. खरी अडचण इथेच येते. आजोबांचे नाव राहते, इन्व्हेंटरी (वारसांमधली रीतसर वाटणी) झालेली नसते आणि आज वारस वीस असतात. एका वारसाने ‘घ्या वापरायला’ म्हटले, तर ती परवानगी अपुरीच. उतारा खरा मानला जातो, पण उलट पुरावा मिळेपर्यंतच. म्हणून सब-रजिस्ट्रारकडे विक्रीखते आणि पोर्तुगीज काळातील देस्क्रिसांव (मालमत्तेच्या वर्णनाची नोंद) तपासा; त्याच काळातील मात्रिज (करनोंद) हीही पाहा.

उताऱ्यावर ‘कोमुनिदाद’ (गावची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची संस्था) लिहिले असेल तर त्या गावच्या कोमुनिदादीकडे चौकशी करा. पंचायतीची घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. मालक ठरेपर्यंत तिथे माड लावू नका, गडगाही घालू नका.