नवा भाग येण्याआधी जुने सिनेमे बघताय? या चुका टाळा

एखाद्या सिनेमाचा पुढचा भाग जाहीर झाला, पोस्टर आलं, की आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: "आधीचा एकदा बघून घ्यायचा का?" घ्यायचाच. जुना भाग मनात ताजा असला की नव्या भागात एखादं पात्र नुसतं दारात येऊन उभं राहिलं तरी अंगावर काटा येतो. तो विसरलेला असला की "हा कोण? हिचं काय झालं होतं?" असं शेजारच्याला विचारण्यात मध्यंतर येतं. पण ही उजळणी कशीही उरकली तर उलटंच होतं, माणूस थेटरात पोहोचेपर्यंत त्या गोष्टीला कंटाळलेला असतो. नांदेडला आमच्या घरी आणि देगलूरला आजोळी, गच्चीवर, हॉलमध्ये, मोबाइलवर अशा पुष्कळ उजळण्या मी केल्या आहेत. त्यातून जे कळलं ते इथे सांगते.

शेवटच्या दोन रात्रींवर ढकलणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. 'पुष्पा'चे दोन भाग मिळून सव्वासहा तासांच्या वर जातात. शुक्रवारी सिनेमा आणि बुधवार-गुरुवारी जागरण असा बेत केला की शेवटचा तास डोळे मिटत मिटत जातो, आणि पुढच्या भागाला लागणारी गोष्ट नेमकी त्या तासात असते.

आपल्याकडे तर आधी घरातलं पंचांग बघावं लागतं. दिवाळीला मोठे सिनेमे येतात आणि त्याच्या आधीचे आठवडे सोयाबीन काढणीचे. मळणी यंत्राची पाळी आली की घरातला एकही माणूस मोकळा नसतो. मग कापूस. एप्रिल-मेमध्ये सुट्टी खरी, पण पारा 42-43 वर, घराघरात लग्नं, आणि नऊ वाजेपर्यंत गच्ची तापलेलीच. म्हणून तारीख जाहीर झाली की मागे मोजा: तीन आठवडे आधी सुरुवात, एका शनिवारी एक सिनेमा. मधल्या आठवड्यात जेवताना, धुणं वाळत घालताना त्याच्यावर बोलणं होतं. त्या बोलण्यातच सिनेमा पक्का बसतो, सलग बघून बसत नाही.

क्रमाचा घोळ

"पहिला, दुसरा, तिसरा, त्यात काय एवढं?" असं वाटतं. पण भागाचा आकडा आणि गोष्टीतला काळ सारखे असतीलच असं नाही. 'टाइमपास 3' 2022 ला आला, पण त्यातली गोष्ट पहिल्या (2014) आणि दुसऱ्या (2015) भागाच्या मधली आहे. हे माहीत नसलं की दगडू पुन्हा कॉलेजात कसा, असा प्रश्न पडतो. 'फास्ट अँड फ्युरियस'चा 'टोकियो ड्रिफ्ट' 2006 ला तिसरा म्हणून आला, पण त्यातल्या घटना 2013 च्या सहाव्या भागानंतरच्या आहेत. त्यात जीव गमावणारा हान पुढच्या तीन सिनेमांत हसत-बोलत फिरताना दिसतो, आणि नवखा प्रेक्षक समजतो की आपणच काहीतरी चुकीचं लावलं.

आपल्या मराठीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे दिग्पाल लांजेकरांचं शिवराज अष्टक. 'फर्जंद' (2018), 'फत्तेशिकस्त' (2019), 'पावनखिंड' (2022), 'शेर शिवराज' (2022), 'सुभेदार' (2023) या क्रमाने ते सिनेमे आले. इतिहासाचा क्रम मात्र अगदी वेगळा आहे. अफजलखानाचा वध नोव्हेंबर 1659 चा, म्हणजे 'शेर शिवराज' सगळ्यात आधी. मग जुलै 1660 ची 'पावनखिंड'. मग एप्रिल 1663 चा लाल महालावरचा छापा, म्हणजे 'फत्तेशिकस्त'. मग फेब्रुवारी 1670 चा सिंहगड, 'सुभेदार'. आणि सगळ्यात आधी पडद्यावर आलेला 'फर्जंद' इथे शेवटी येतो, कारण कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा घेतला तो 1673 ला.

माझ्या भाच्यांना मी हे पाचही सिनेमे इतिहासाच्या क्रमाने दाखवले. प्रतापगडाहून पन्हाळा, तिथून विशाळगड, मग पुणे असा प्रवास त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून केला. फक्त एका ठिकाणी अडखळले: 'पावनखिंड'मधले बाजीप्रभू आणि 'सुभेदार'मधले तानाजी ही दोन्ही कामं अजय पुरकरांची. धाकटा एकदम उठून बसला, "आत्या, हे तर खिंडीत गेले होते ना?" तेव्हा सिनेमा लावायच्या आधीच सांगून ठेवा की नट तोच आहे, माणूस वेगळा आहे.

मग क्रम ठरवायचा कसा? मी एकच गोष्ट बघते: गोष्टीत एखादं गुपित आहे का. असेल, आणि घरातलं कुणी पहिल्यांदाच बघणार असेल, तर सिनेमे आले त्याच क्रमाने बघावेत, कारण दिग्दर्शकाने गुपित त्या क्रमाने उघडलेलं असतं. इतिहासाचं तसं नाही, काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे काळाचा क्रम जास्त पदरात टाकतो.

सगळेच भाग बघायचा हट्ट

नावापुढे 2 लागला म्हणजे गोष्ट पुढे चालू आहे असं नसतं. 'मुन्नाभाई'च्या 2003 आणि 2006 च्या सिनेमांत मुन्ना आणि सर्किट तेच, बाकी सगळा संसार नवा. पहिल्यात डॉक्टर अस्थाना झालेले बोमन इराणी दुसऱ्यात लकी सिंग आहेत. इथे पहिला बघायचा तो आनंदासाठी, दुसरा कळण्यासाठी नाही. 'नवरा माझा नवसाचा'मध्ये 2004 ला एसटीने गणपतीपुळ्याला निघालेलं कुटुंब 2024 ला कोकण रेल्वेने निघतं, आणि आधी कंडक्टर असलेले अशोक सराफ टीसी होऊन येतात. पहिला बघितलेला असला तर दुसऱ्यातली ती एन्ट्री दुप्पट गोड लागते, नसला तरी काही अडत नाही.

'बाहुबली', 'दृश्यम', 'केजीएफ' यांचं तसं नाही. तिथे आधीचा भाग म्हणजे घराचा पाया आहे. आणि तिसरा एक प्रकार आहे तो जास्त फसवा: वेगवेगळ्या नावांचे सिनेमे, पण जग एकच. 'स्त्री 2'च्या आधी लोकांनी 2018 चा 'स्त्री' बघितला आणि 'भेडिया' सोडून दिला. मग तो लांडगा पडद्यावर आला तेव्हा अर्धं थेटर शिट्ट्या मारतंय आणि अर्धं एकमेकांकडे बघतंय. वेळ कमी असेल तर लगतचा आधीचा भाग पूर्ण बघा, आणि पहिल्या भागाचा निदान शेवटचा अर्धा तास.

भाषा आणि आवृत्ती न बघता लावणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

देगलूर तेलंगणाच्या सीमेवर. माझ्या मामाच्या दुकानात गिऱ्हाईक मराठीत बोलतं, तेलुगूत बोलतं, आणि मामाला तेलुगू सिनेमा तेलुगूतच लागतो. 2017 च्या एप्रिलमध्ये 'बाहुबली'चा दुसरा भाग 28 तारखेला येणार होता. त्याच्या आधीच्या शनिवारी मामाने गच्चीवर पहिला भाग लावला, तेलुगू. आजीला मोतीबिंदू होता, चित्र तिला धूसर दिसायचं, पण तेलुगू कळायचं आणि ती आवाजावर सिनेमा बघायची. शिवगामीचा आवाज आला की पदर सावरून बसायची.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला हौसेने नांदेडला थेटरात नेलं. तिथे हिंदी होता. पंधरा-वीस मिनिटं ती गप्प बसली, मग माझा हात धरून म्हणाली, "ह्यो त्यो नव्हे. ह्याचा आवाज येगळाच हाय." हिंदीत प्रभासला आवाज शरद केळकरांचा आहे, दोन्ही भागांत. पहिला भाग आम्ही हिंदीतच लावला असता तर तिला तिचा बाहुबली ओळखू आला असता. एवढी साधी गोष्ट, आणि आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही. तीन तास ती एका अनोळखी माणसाची गोष्ट ऐकत बसली.

तेव्हापासून आधी विचारते: नवा भाग आपल्या गावात कोणत्या भाषेत लागणार आहे? उजळणीही त्याच भाषेत. 'दृश्यम'ला तर हे फारच महत्त्वाचं. मल्याळममध्ये जॉर्जकुट्टी आहे, हिंदीत विजय साळगावकर. तिकडे केरळ, इकडे गोवा. 2013 चा मल्याळम आणि 2022 चा हिंदी दुसरा भाग अशी जोडी लावली की नावं, पोलीस ठाणं, पोरींची वयं सगळ्याची सरमिसळ होते. तिसऱ्या भागाची घोषणा दोन्हीकडे झालेली आहे, म्हणून आत्ताच सांगते. 'केजीएफ'मध्ये तर भाषा तीच ठेवली तरी गोष्ट सांगणारा बदलतो: पहिल्यात अनंत नाग, दुसऱ्यात प्रकाश राज. हा बदल कथेतच धरलेला आहे, पण लक्ष नसेल तर चुकीचा सिनेमा लागला असं वाटतं.

आवृत्तीचंही तेच. 'बाहुबली'चे दोन भाग एकत्र करून, कात्री लावून, पावणेचार तासांचा एक सिनेमा ऑक्टोबर 2025 ला आला. तो सुंदर आहे, पण मूळ दोन भागांची जागा घेत नाही. 'पुष्पा 2'ची नंतर वीस मिनिटं वाढवलेली आवृत्ती आली. टीव्हीवर लागणारी प्रत बहुतेकदा जाहिरातींसाठी छाटलेली. लावण्याआधी लांबी तपासा: मूळ सिनेमा किती मिनिटांचा होता आणि समोरचा किती मिनिटांचा आहे. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक दिसला की थांबा.

"दहा मिनिटांत आख्खी गोष्ट"

असे व्हिडिओ घटना सांगतात. घटना आपल्याला आठवतच असतात. विसरतो ते बाकीचं: कोण कुणाकडे कसं बघत होतं, कुठल्या वाक्यावर कोण गप्प झालं. निशिकांत कामतांच्या 'दृश्यम'चं शेवटचं दृश्य घ्या. व्हिडिओत ते एका वाक्यात उरकतं. पण तिथला तो संथपणा, तो चेहरा बघितला नसेल तर दुसऱ्या भागाची सुरुवात नुसती माहिती वाटते. व्हिडिओ बघायचाच असेल तर सिनेमा बघून झाल्यावर बघा, काय निसटलं ते कळायला.

नावं सुरू झाली की उठणं

पुढच्या भागाचा धागा कित्येकदा नामावलीच्या मध्ये किंवा शेवटी असतो. घरी बघताना ॲप स्वतःच दुसरं काहीतरी सुरू करतं, त्यामुळे आपोआप पुढचं लावण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवा.

डेटा, आवाज, गच्ची

रोजचा दीड-दोन जीबी डेटा असणाऱ्यांनी एचडीच्या नादी लागू नये, तासाला साधारण तीन जीबीपर्यंत जातो. साध्या दर्जात तासाला एक जीबीच्या आसपास. माझी चुलत बहीण अर्धा सिनेमा रात्री साडेअकराला डाउनलोड करते आणि उरलेला बारानंतर, नव्या दिवसाच्या डेटावर. डाउनलोड केलेला सिनेमा अर्धवट बघून ठेवूनही देऊ नका. बऱ्याच ॲपवर एकदा सुरू केलेला सिनेमा 48 तासांत संपवावा लागतो, नाहीतर तो बंद होतो. आणि महिन्यापूर्वी ज्या ॲपवर होता तिथून तो काढलेलाही असू शकतो, तेव्हा यादी केली त्याच दिवशी शोधून बघा.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी, ही तक्रार घरोघरी आहे. बहुतेकदा टीव्ही साधा आणि लावलेला आवाज 5.1 चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा असतो. ऑडिओच्या मेनूत जाऊन स्टीरिओ निवडा, बराच फरक पडतो. चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधलं मोशन बंद करा.

गच्चीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर संध्याकाळी सहालाच गच्चीवर पाणी मारा, नऊपर्यंत बसण्याजोगी होते. चादर एकेरी नको, दुहेरी घ्या, नाहीतर चित्र आरपार जातं; आणि खालच्या काठाला पाट किंवा विटा बांधा, कारण वावधन सुटलं की नायकाचा चेहरा फुग्यासारखा हलतो.

लहान मुलांना सोबत बसवताना

2024 पासून प्रमाणपत्रावर यूए 7+, 13+, 16+ असं वय येतं. जुन्या भागांवर नुसतंच यूए असतं, त्यावरून काही अंदाज येत नाही. 'केजीएफ'सारखा सिनेमा आधी स्वतः बघा, मग ठरवा. पोरगं पहिल्याच भागाला घाबरलं तर त्याला दुसऱ्याला ओढू नका.

ऐन वेळी लाइट गेली तर

उरलेला सिनेमा मोबाइलच्या चार बोटांच्या पडद्यावर उरकू नका. ज्याला पाठ आहे त्याला सांगू द्या. आमच्या त्या देगलूरच्या शनिवारी शेवटची दहा मिनिटं राहिली होती आणि लाइट गेली. सगळं गाव काळं. मामा उठला, चादरीच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि कट्टप्पा बोलायला लागला. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. बाहुबली कसा होता, त्याला कुणी मारलं, आणि मारणारा मीच, असं म्हणताना मामाचा आवाज खरंच बसला. शेजारच्या गच्चीवरची माणसंही कठड्याला येऊन उभी राहिली होती.

आजीने अंधारातच विचारलं, "मंग कामून मारलं म्हणं?"

मामा म्हणाला, "शुक्रवारी कळंल."