चीनमधल्या हान आणि तांग काळातल्या मातीच्या स्त्रीमूर्ती: या चुका टाळा

सर्वांत जास्त नासधूस पाण्याने होते. पश्चिम हान काळातली (इ.स.पू. 206 ते इ.स. 9) लांब बाह्यांची नर्तकी राखाडी मातीची. आधी भाजलेली, मग पांढऱ्या लेपावर हिंगुळासारखे खनिज रंग सरसात कालवून रंगवलेली. रंग भट्टीनंतरचे, म्हणून ते मातीला पक्के चिकटलेले नसतात, आणि थडग्यात दोन हजार वर्षांत सरसही कुजून गेलेला असतो. ओला कापूस ओठांवरून फिरवला की ओठ कापसावर येतात. शिवाय ओलाव्याने आतले क्षार विरघळून वर येतात. वाळताना पांढरा लोणा धरतो आणि रंगाचे पोपडे खालून उचलले जातात. धूळ काढायची तर मऊ, कोरड्या कुंचल्याने. रंग भुकटीसारखा सुटत असेल तर तेही नको, थेट संवर्धकाकडे द्या.

तांग काळातल्या (इ.स. 618 ते 907) तिरंगी मूर्तीचा चेहरा कोरा दिसला की झिलई उडाली असे समजून वार्निश मारणारे आहेत. ती झिलई शिशाची असते: तांब्याने हिरवी, लोहाने पिवळी-तपकिरी, कोबाल्टने निळी. भट्टीत ती ओघळते आणि नाकडोळे बुजतात, म्हणून चेहरा मुद्दाम मोकळा ठेवून नंतर रंगवत.

‘सडपातळ ती हान, गुबगुबीत ती तांग’ हा ठोकताळा तर सोडाच. सातव्या शतकातल्या तांग स्त्रियाही शेलाट्याच आहेत. भरलेले गाल आणि घोळदार झगे आठव्या शतकात रूढ झाले.

हात नसलेली प्रत्येक मूर्ती तुटकी नसते. शीआन शहराजवळ हान सम्राट जिंगच्या यांगलिंग समाधीतल्या मूर्तींना लाकडी हात आणि कापडी वस्त्रे होती, दोन्ही कुजली. तिथे नवे हात जोडणे म्हणजे पुरावा पुसणे.

थर्मोल्युमिनेसन्स या वय ठरवणाऱ्या चाचणीचा दाखला वाचताना नमुना कुठून घेतला ते आधी पाहा. माती शेवटची कधी तापली एवढेच ही चाचणी सांगते. बैठक जुनी आणि धड नवे, अशी जोडकामे बाजारात आहेत, तेव्हा नमुने किमान दोन जागचे हवेत, त्यातला एक बैठकीपासून दूरचा. किरणोत्साराचा मारा करून खोटे वयही चढवता येते. म्हणून जोडीला एक्स-रे काढा, सांधे आणि भरलेली भेग त्यात दिसते. अंगावरची वाळकी माती हा तर पुरावाच नव्हे. ती डिंकात कालवून चोपडता येते.

उचलताना बाही किंवा डोके धरू नका. डोके अनेकदा वेगळे घडवून बसवलेले असते. एक हात बैठकीखाली, दुसरा पाठीशी, आणि तोही रंग नसलेल्या जागी.